मुकादमाचा रस्ता

आमच्या घरात इंग्रजीचा एकच शब्द होता आणि तो बाबाच्या मालकीचा होता. मॅकॅडम. बाबाच्या तोंडी त्याचा 'मकादम' व्हायचा, आणि बाबा स्वतः मुकादम होता, सडकेच्या कामावरच्या एका गँगचा. पंचवीस-तीस माणसं, त्यांत बायाच जास्त. बालाघाटहून परसवाड्याच्या बाजूला जाणारी सडक तेव्हा पक्की होत होती. बाया ढिगाशी बसून दगड फोडायच्या, त्याची गिट्टी करायच्या, गडी ती पसरायचे, वर मुरूम आणि पाणी पडायचं आणि कोळशाचा रोलर धापा टाकत त्यावरून फिरायचा. बाबा हातात बांबूची काठी घेऊन एका ढिगापासून दुसऱ्या ढिगापर्यंत फिरायचा. त्या सडकेला मॅकॅडम रोड म्हणतात, असं त्याला एका म्हाताऱ्या ओव्हरसियरने नोकरीतून जायच्या आधी झाडाखाली डबा खाता खाता सांगितलं होतं. विलायतेत पहिली अशी सडक मॅकॅडमने बांधली, आणि मजुराच्या तोंडात मावणार नाही एवढा दगड सडकेत पडता कामा नये, असा कायदा त्याने केला, असंही सांगितलं होतं. बाबाने जे ऐकलं ते वेगळं होतं. पहिली सडक एका मुकादमाने बांधली आणि साऱ्या जगाने त्याच्या हुद्द्याचं नाव तिला दिलं, असं त्याने ऐकलं.

ते तो वस्तीत सगळ्यांना सांगायचा. विहाराच्या पायरीवर बसून, विडी विझवून, सावकाश सांगायचा. "कलेक्टरच्या नावानं सडक नाही, मिनिस्टरच्या नावानं नाही. मुकादमाच्या नावानं हाय. साऱ्या दुनियेत." आणि लोक ऐकायचे, कारण आमच्या वस्तीतला कोणी माणूस त्याच्या आधी दुसऱ्यांना काम सांगणारा झाला नव्हता. आमची माणसं भंडाऱ्याकडून आलेली, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची मेलेली गुरं ओढलेली. दीक्षा घेतल्यावर ते काम सोडलं आणि सडकेवर आली. अशा वस्तीतल्या एका माणसाच्या हाती सरकारी काठी आली होती, आणि ती काठी विलायतेपर्यंत पोचते असं तो सांगत होता. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. शाळेच्या वाटेवर मी ती सडक ओलांडायची तेव्हा चपला काढून हातात घ्यायची. माझ्या बापाच्या नावाची सडक होती ती.

घर दोन खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं. माझ्यामागचे दोघं जगले नाहीत म्हणून मी एकटीच. माय त्याच गँगवर दगड फोडायची. पहाटे उठून ती तांदळाची पेज करायची, भात करायची, लाखोळीची डाळ नाहीतर आंबाडीची भाजी, आणि हातात असलं तर सुकट भाजायची. सुकटीचा वास अजूनही मला आला की मी आधी दाराकडे बघते. जवसाची चटणी वाटताना मायच्या बोटांच्या चिरांत मिरची शिरायची. ती बोटं तोंडात घालायची, मग पुन्हा वाटायची, पण आवाज करायची नाही. आमच्याकडे आवाज न करणं ही शिकायची गोष्ट होती. संध्याकाळी बाहेर सायकलचं स्टँड लागल्याचा खटका ऐकू आला की मी वही मिटायची आणि माय चुलीतलं लाकूड मागे ओढायची. खटक्यानंतर बाबा खोकला तर बरं असायचं. खोकला नाही तर नाही.

तो दारू फारशी पीत नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे ज्याला ज्याला सांगितलं त्याने मला आधी दारूचं विचारलं. तो शुद्धीत मारायचा. भात गिचका झाला म्हणून त्याने मायच्या पाठीत तांब्या घातला. एकदा तिने शेजारणीशी बोलताना त्याचं नाव घेतलं म्हणून तिचे केस धरून तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं, आणि मग स्वतःच हळद आणून दिली. मला तो कमी मारायचा. पट्टीने, तळहातावर, मोजून. दर रविवारी विहारात त्रिसरण-पंचशील म्हणताना त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत गोड असायचा. प्राण्यांची हिंसा करणार नाही, असं तो डोळे मिटून म्हणायचा, आणि मी एका डोळ्याने मायच्या कपाळाची खूण बघायची.

उन्हाळ्यात तो अंगणात पालथा निजायचा तेव्हा त्याची पाठ दिसायची. तिच्यावर काळ्या, उंचावलेल्या दोऱ्या होत्या, खांद्यापासून कमरेपर्यंत. त्याच्या आधीच्या मुकादमाने ओल्या दोराने मारलं होतं, तो गँगवर नवा मजूर असताना. माय त्या दोऱ्यांवर तेल लावायची. मार खाऊन तो मार द्यायला शिकला, असं लिहून मला इथे थांबता आलं असतं, आणि तरुणपणी मी बरीच वर्षं तिथेच थांबत होते. पण त्याच मुकादमाचा मार मायनेही खाल्ला होता, आणि तिने तोवर कोणावर हात उचलला नव्हता.

गिट्टी मोजायला लोखंडाचं एक कडं मिळायचं. दगड त्यातून पार झाला तर ठीक, अडला तर पुन्हा फोडायचा. एकदा गँगचं कडं हरवलं. नवं यायला वेळ होता. बाबा सोनाबाईच्या ढिगापाशी थांबला. सोनाबाई आमच्या वस्तीतली, विधवा, मायपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. मी सुट्टीची मायला मदत करायला गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. बाबाने ढिगातला एक दगड उचलला, हातात तोलला.

"कडं हरवते," तो म्हणाला. "तोंड हरवत नाही. आ कर, सोनाबाई."

तिला वाटलं तो थट्टा करतो आहे. ती हसली आणि खरंच तोंड उघडलं. बाबाने दगड आत ढकलला. तो अडला, तर त्याने हनुवटी खालून धरून तळहाताने पुन्हा ढकलला. दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. सोनाबाईच्या तोंडातून आधी लाळ आली आणि मग रक्त. तिने दगड ओंजळीत काढला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली, दगडाकडे, बाबाकडे नाही.

"हा कायदा मी नाही केला," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ज्यानं पहिली सडक बांधली त्या मुकादमानं केला."

मग नवं कडं आलं, पण ते बाबाच्या सायकलच्या हँडलला अडकवलेलंच राहिलं. तोंडाचा कायदा चालू झाला. दर आठ-पंधरा दिवसांनी कोणाच्या तरी ओठाला चीर असायची. बाया दगड बारीक करायला लागल्या, इतका बारीक की ओव्हरसियरने कामाची तारीफ केली. घरी येताना त्या मायशी बोलेनाशा झाल्या. मायही त्यांच्यामागून दहा पावलं अंतर ठेवून चालायला लागली.

आठवीत आम्हाला इंग्रजी शिकवायला मसीह बहनजी होत्या. किडकिडीत, पांढऱ्या साडीतल्या, आवाज असा की वर्गाला वाकून ऐकावं लागे. धड्यात एका शहराचं वर्णन होतं आणि त्यात एक शब्द आला, मॅकॅडमाइज्ड रोड. बहनजींनी विचारलं, किसी को मालूम है? माझा हात वर गेला. वर्गात मी कधी हात वर करत नव्हते. मी उठून हिंदीत सांगितलं की हा शब्द मुकादमावरून आला आहे, पहिली सडक मुकादमाने बांधली, आणि माझे बाबा मुकादम आहेत. वर्ग हसला. बहनजी हसल्या नाहीत. त्यांनी मला सुट्टीत थांबायला सांगितलं आणि कपाटातली जाड डिक्शनरी टेबलावर उघडली.

"ये एक आदमी का सरनेम था, बेटी," त्या म्हणाल्या. "स्कॉटलंड का था. सडक बनाने का उसका एक तरीका था, तो लोग उस तरीके को उसी के नाम से बुलाने लगे."

"मुकादम नहीं था?"

"नहीं. मुकादम तो अलग शब्द है. अरबी से हमारी तरफ आया. मतलब, जिसको आगे रखा गया."

मग त्यांनी मला तो शब्द कागदावर तोडून दाखवला. तिकडे आडनावाआधी लागणारं मॅक म्हणजे मुलगा. अॅडम म्हणजे आदम, ज्याच्यावरून आपण आदमी म्हणतो. आदमच्या पोराचं आडनाव. त्या आडनावाला शेपूट जोडलं की क्रियापद झालं, आणखी एक शेपूट जोडलं की विशेषण, आणि मग ते कुठल्याही सडकेपुढे लावता येतं, ती सडक त्या माणसाने पाहिलेली नसली तरी. मी नंतर चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शब्दाच्या आत माणूस असतो, आणि तो काढून समोर ठेवता येतो, हे मला त्या दुपारी समजलं. पण तेव्हा मला आनंद झाला नाही. मला चपला आठवल्या. आणि लगेच सोनाबाई आठवली. बाबा ज्याच्या नावाने दगड कोंबत होता तो मुकादम कधी नव्हताच.

मी घरी काही बोलले नाही. दिवाळीनंतरची थंडी सुरू झाली तोवर बोलले नाही. रात्री बाबा जेवताना मकादम म्हणाला की मी ताटाकडे बघायची. सांगावं तर मार माझ्यावर नाही, मायवर पडेल, हे मला नक्की माहीत होतं. न सांगावं तर दर पंधरवड्याला कोणाचं तरी तोंड फुटत होतं. एवढी मोठी गोष्ट एवढ्या छोट्या डोक्यात घेऊन मी शाळेत जात होते आणि येत होते, आणि मला फक्त डोकं दुखतं असं वाटायचं.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मायला दोन दिवसांचा ताप होता, तरी ती कामावर गेली होती. दुपारी मी तिचा डबा घेऊन गेले, भात आणि चटणी. ओव्हरसियर तपासणीला येणार म्हणून बाबा सकाळपासून ढीग बघत फिरत होता. तो मायच्या ढिगापाशी थांबला तेव्हा मी डबा उघडत होते. तापात तिच्या हाताला जोर नव्हता, तिची गिट्टी मोठी राहिली होती, हे मलाही दिसत होतं.

बाबाने एक दगड उचलला. सगळ्या हातोड्या थांबल्या. त्याला ते कळलं असावं, कारण तो मायशी बोलला पण गँगकडे बघून बोलला.

"घरची हाय म्हनून सोडन काय? आ कर."

माय बसलेलीच राहिली. तिने तोंड उघडलं नाही. "ताप हाय मले," ती हळू म्हणाली. "फोडतो मी पुन्हा."

"आ कर म्हनलं."

त्याने काठी टाकली, एका हाताने तिचा जबडा धरला आणि दुसऱ्याने दगड ओठांवर दाबला. ती मागे सरकली, तो गुडघ्यावर बसला. तिचा ओठ दातांवर फाटला. दगड आत गेला नाही, कारण तिने दात आवळले होते, म्हणून तो दगडानेच दातांवर ठोकायला लागला. एकदा. दोनदा. मला रक्त दिसलं आणि मी बोलले.

"बाबा, तो मुकादम नव्हता."

त्याने ऐकलं नाही. मी पुन्हा बोलले, मोठ्याने, शाळेत बोलतात तशी.

"ज्यानं सडक बांधली तो मुकादम नव्हता. गोरा साहेब होता. मॅकॅडम त्याचं आडनाव होतं. डिक्शनरीत हाय. मुकादम येगळा शब्द हाय."

ढिगांमागून कोणीतरी हसलं. पुरुषाचं हसू होतं, आखूड, नाकातून आलेलं. कोणाचं ते आजपर्यंत मला माहीत नाही. पण तेवढं हसू ऐकलं आणि बाबाने मायला सोडलं. तो उठला, दगड हातात तसाच, आणि माझ्याकडे आला.

"काय म्हनली?"

मला पळता आलं असतं. मी पळाले नाही. मी सबंध धडा पुन्हा म्हटला. आदमचा पोरगा, आडनाव, शेपूट, विशेषण. माझी जीभ थांबतच नव्हती. त्याने माझी वेणी मनगटाला गुंडाळून डोकं मागे वाकवलं आणि दगड तोंडात घातला. माझं तोंड उघडंच होतं, बोलत होतं. माझे पुढचे दोन दात तिथेच गेले. मुरमाची चव लागली, मग लोखंडासारखी चव, आणि मग श्वास बंद झाला, कारण दगड जिभेवर बसला होता आणि त्याचा तळहात वर होता. आकाश खूप निळं होतं. मी मरते आहे असं वाटलं नाही. एवढंच वाटलं की याने आता हात काढावा.

मायची हातोडी मी पाहिली नाही, ऐकली. ओला दगड फुटतो तसा आवाज आला, आणि माझ्या तोंडावरचा हात सुटला. मी पडले, दगड थुंकला, वर बघितलं. बाबाचा उजवा हात कोपरापासून भलत्याच बाजूला लोंबत होता आणि तो त्याच्याकडे बघत होता. माय दोन्ही हातांनी हातोडी धरून उभी होती, हनुवटीवरून रक्त गळत होतं. तिने पुन्हा मारलं, त्याच जागी. तो खाली बसला. पहिला घाव माझं तोंड सुटावं म्हणून होता. दुसरा कशासाठी होता हे मी तिला कधी विचारलं नाही.

तो ओरडला नाही. कोणीच ओरडलं नाही. सोनाबाई आपल्या ढिगापाशी उभी होती, ती खाली बसली आणि तिने हातोडी उचलली. ठक. मग शेजारची. मग पलीकडची. थोड्या वेळात सगळी गँग दगड फोडत होती, रोजच्या तालात, आणि आम्ही तिघं मध्ये होतो, रक्तात. ओव्हरसियरची जीप आली तेव्हा ते तसंच चालू होतं.

"क्या हुआ?" साहेबाने विचारलं.

"पडले, साहेब," सोनाबाई म्हणाली. "ढिगावरून घसरले."

"और ये लडकी?"

"तेबी पडली."

साहेबाने मायच्या फाटलेल्या ओठाकडे बघितलं, तिच्या हातातल्या हातोडीकडे बघितलं. मग त्याने बाबाला विचारलं. बाबाचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो बायकोच्या हातून मार खाल्ला असं सांगणार नाही हे मला माहीत होतं, पण तो इतक्या लवकर बोलेल असं वाटलं नव्हतं.

"पडलो, साहेब," तो म्हणाला.

दवाखान्यात दोन महिने गेले. प्लास्टर निघालं तेव्हा कोपर वाकलेल्या जागीच आखडून गेलं होतं. गँगला दुसरा मुकादम आला, आणि कडं सायकलवरून उतरून पुन्हा दगडांवर आलं. माय कामावर जायची. रात्री ती हातोडी उशाशी घेऊन निजायची, माझ्या आणि बाबाच्या मध्ये. बाबा काही संत झाला नाही. एकदा त्याने डाव्या हाताने ताट भिंतीवर फेकलं. मायने उठून हातोडी फक्त मांडीवर घेतली. त्याने स्वतः भात वेचला.

एक दिवस सकाळी तो मला म्हणाला, "चाल, कुसुम. तुह्या बहनजीकडे."

मला वाटलं, आता तो त्यांना मारणार. वाटभर मी डाव्या बाजूने चालले, म्हणजे त्याचा चांगला हात धरता येईल. बहनजी शाळेमागे एका खोलीत राहायच्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, तो उंबऱ्याशीच उभा राहिला. डिक्शनरी उघडून दाखवली तर त्याने अक्षरांवर बोट ठेवलं. त्याला वाचता येत नव्हतं.

"ये नाम है?" त्याने विचारलं.

"जी. सरनेम है."

"और वो साहेब, बहनजी. वो मजूर के मुँह में पत्थर डालता था क्या?"

बहनजींनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटून उभी होते, तेव्हा मी हसायचं सोडून दिलं होतं.

"नहीं," त्या म्हणाल्या. "कहते हैं कि मजदूर खुद अपने मुँह से नाप लेता था. वो भी सच है कि किस्सा है, पक्का किसी को मालूम नहीं."

बाबाने डिक्शनरीवरचं बोट उचललं. मग त्याने डाव्या हाताने नमस्कार केला आणि निघाला. परतताना एका पुलियावर तो बसला. मी उभी राहिले. खाली नाल्यात बायका धुणं आपटत होत्या.

"मले कोनी खोटं नव्हतं सांगितलं," तो म्हणाला. "मीच तसं ऐकलं."

माझ्याकडे बघून तो आणखी काही बोलेल म्हणून मी थांबले. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. इतकी वर्षं मी या वाक्यात माफी शोधली आहे. कधी सापडते, कधी नाही. आता सत्तरी ओलांडल्यावर मला वाटतं, त्याने फक्त जे खरं होतं ते म्हटलं, आणि माझ्यासाठी त्याला तेवढंच जमलं.

त्या रात्री जेवताना माय म्हणाली, "मी कुसुमले घेऊन तिरोडीले जातो. भावाकडे."

बाबाने डाव्या हाताने घास घेतला, चावला, गिळला. "हौ," तो म्हणाला.

तिरोडीला मामा मँगनीजच्या खाणीवर होता. माय तिथे दगड निवडायच्या कामाला लागली, काळ्या दगडांच्या, आणि तिची बोटं कायमची काळी झाली. मी शिकले. मॅट्रिक झाले, मग मास्तरकीचं शिक्षण घेतलं. नोकरी लागल्यावर पहिली गोष्ट म्हणजे दात बसवून घेतले. बाबा बालाघाटलाच राहिला, सडकेच्या सामानावर चौकीदार म्हणून. वर्षातून एकदा तो गाडीने यायचा, अंगणात बसायचा, वाढलेलं जेवायचा आणि संध्याकाळच्या गाडीने जायचा. माय त्याच्याशी बोलायची, पण पाऊसपाण्याचं, नातेवाइकांचं. त्याने कधी परत चल म्हटलं नाही. तिनेही कधी राहा म्हटलं नाही.

तो गेला तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. निरोप आला आणि आम्ही दोघी बालाघाटला गेलो. जुन्या घरात त्याला चटईवर निजवलं होतं. वस्ती जमली होती, गँगवरच्या बाया एका भिंतीला बसल्या होत्या, त्यातल्या बहुतेकींचे केस पांढरे झालेले. भंडाऱ्याहून बाबाचा चुलतभाऊ आला होता, तो मोठ्याने सांगत होता, जसं मयताच्या घरी सांगतात.

"काय मानूस होता. साऱ्या गँगवर धाक होता. त्या दिवशी ढिगावरून पडला आन सारं आयुष्यच गेलं त्याचं."

दोन-चार जणांनी मान हलवली. मायने डोक्यावरचा पदर नीट केला.

"ते पडले नव्हते," ती म्हणाली. "मीनं मारलं त्याईले. हातोडीनं. दोनदा."

चुलतभाऊ तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, कोणीतरी हे खोटं म्हणावं म्हणून. मी मायजवळ सरकून बसले. भिंतीपासून सोनाबाईचा आवाज आला. तिच्या तोंडात आता एकही दात नव्हता, शब्द हवेसारखे यायचे.

"हौ," ती म्हणाली. "आमी साऱ्यायनं पाह्यलं."

पलीकडची एक म्हणाली, "मीबी पाह्यलं." आणि मग आणखी एक.

चुलतभाऊ उठून बाहेर गेला. गड्यांनी पाणी तापवून बाबाला आंघोळ घातली होती, पांढरा नवा सदरा आणला होता, पण तो अंगात चढत नव्हता. दोघं तिघं ओढत होते. माय उठली, त्यांच्यामध्ये जाऊन बसली आणि तिने त्यांचे हात बाजूला केले.

"आधी उजवी बाही घाला," ती म्हणाली. "तो हात सरळ होत नाही."